शॉर्टस्टॉपला पिचर करायचे असेल, तर आधी त्याचे थ्रो मोजा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकी बेसबॉलमधला शोहेई ओहतानी एकाच सामन्यात चेंडूही टाकतो आणि बॅटही चालवतो, याचे कौतुक मराठी क्रीडापानांवरही आता वरचेवर वाचायला मिळते. मेजर लीगमधला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला, एखादा आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) हातातून गेलेल्या सामन्यात माउंडवर (चेंडू टाकण्याच्या उंचवट्यावर) उभा राहून ताशी ५० मैल वेगाचे फुसके चेंडू टाकतो, त्याच्याही गमतीदार चौकटी येतात. या दोन्हींच्या मधली कामाची गोष्ट मात्र कोणी लिहीत नाही. अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), थर्ड बेसमन, आउटफिल्डर यांच्यातून एकेक इनिंग टाकणारे जादा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारे) घडवले जातात. काही संघ ते पद्धतशीर करतात. बरेचसे संघ एप्रिलमध्ये पिचर संपले की घाईघाईने करतात, आणि त्याची किंमत त्या मुलाचे कोपर मोजते.

मेजर लीगने २०२३पासून पिचर नसलेल्याला माउंडवर आणण्याचा नियम कडक केला. संघ ८ किंवा जास्त धावांनी मागे असेल, नवव्या इनिंगमध्ये १० किंवा जास्त धावांनी पुढे असेल, किंवा सामना जादा इनिंगमध्ये गेला असेल, तरच पिचर नसलेल्याला माउंडवर आणता येते. व्यावसायिक संघाकडे २६ जणांत १३ पिचर असतात आणि खालच्या लीगमधून दुसऱ्या दिवशी नवा माणूस बोलावता येतो, म्हणून हा प्रकार तिथे तमाशा वाटतो. कॉलेजच्या प्रशिक्षकाला बाहेरून कोणी बोलावता येत नाही. फेब्रुवारीत जे आहेत त्यांच्यावरच जूनपर्यंत निभवायचे असते.

त्याचा हिशेब पाहा. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांतल्या सर्वोच्च गटाच्या) संघाला हंगामात ५६ सामने मिळतात. आठवड्याचा साचा ठरलेला : शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका आणि मंगळवारी किंवा बुधवारी एक सामना. म्हणजे सामन्याला नऊ धरून ३६ इनिंग. एका इनिंगला १६-१७ चेंडू धरले तर आठवड्याला ६००च्या आसपास चेंडू टाकणारे हात हवेत. शुक्रवारचा मुख्य पिचर ९०-१०० चेंडू टाकून सहा इनिंग काढतो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत मोकळा होतो. शनिवारचा बहुधा पाच काढतो, रविवारचा चार. उरलेल्या एकवीस इनिंग बुलपेनने, म्हणजे बदली पिचरनी, वाटून घ्यायच्या. कागदावर पंधरा-सोळा पिचर दिसतात, पण त्यांतले दोन-तीन जायबंदी, तीन-चार पहिल्या वर्षाचे आणि अजून स्ट्राइकची (फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीतून जाणाऱ्या चेंडूची) शाश्वती नसलेले. प्रशिक्षकाचा खरा भरवसा आठ-नऊ जणांवर असतो. अशात मंगळवारचा सामना बारा इनिंग लांबला की शनिवारी कोण टाकणार, हा प्रश्न बुधवारी सकाळीच उभा राहतो.

मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला होणाऱ्या रीजनल फेरीत (राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत) तर हे उघडच पडते. चार संघ, दोन पराभवांनी बाद. पहिलाच सामना हरलेल्या संघाला ओमाहाच्या (तिथे होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या) वाटेवर राहायचे तर पुढचे चारही सामने जिंकावे लागतात. शुक्रवार ते सोमवार, चार दिवसांत पाच सामने. तिथे तिसऱ्या दर्जाचा का होईना, पण ताजा आणि स्ट्राइक टाकणारा हात सोन्याच्या मोलाचा.

संघाच्या आकाराचाही यात भाग आहे. वर्षानुवर्षे बेसबॉलला ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटल्या जात, त्यामुळे दोन कामे करणारा मुलगा प्रशिक्षकाला परवडायचा. जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती मर्यादा गेली, पण ती तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांना संघात ३४च खेळाडू ठेवता येतात. चौतिसातला एकजण दोन जागा भरत असेल, तर पस्तिसावा मिळाल्यासारखेच आहे.

ही कल्पना हवेतली नाही. ६०१ सेव्ह (शेवटी येऊन थोडक्या आघाडीचा सामना राखणे) करून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला ट्रेव्हर हॉफमन ॲरिझोना विद्यापीठाचा शॉर्टस्टॉप होता, माउंडवर तो व्यावसायिक झाल्यावर आला. जो नेथन हा स्टोनी ब्रुकचा शॉर्टस्टॉप. व्हर्जिनियाचा शॉन डूलिटल कॉलेजात दोन्ही करायचा, निवडला गेला फर्स्ट बेसमन म्हणून, आणि नाव केले डावखुरा रिलीव्हर (सामन्यात मधूनच येणारा बदली पिचर) म्हणून. बस्टर पोझीने २००८मध्ये फ्लोरिडा स्टेटकडून एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागा खेळल्या, माउंडसकट. वॉशिंग्टन स्टेटच्या जॉन ओलेरूडच्या नावाने दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या कॉलेज खेळाडूला पुरस्कार दिला जातो, आणि लुइव्हिलच्या ब्रेंडन मकेने तो २०१५ ते २०१७ असा लागोपाठ तीनदा घेतला. पण ओलेरूड आणि मके हे मुळातच दोन्हींत अव्वल होते. अशी मुले सापडतात, घडवता येत नाहीत. सामान्य संघाने त्यांच्याकडे पाहून बेत आखू नये.

जेकब डीग्रोमचे उदाहरण जास्त उपयोगाचे आहे आणि ते अर्धेच सांगितले जाते. स्टेट्सन विद्यापीठाचा हा शॉर्टस्टॉप तिसऱ्या वर्षी, २०१०मध्ये, माउंडवर आला. आधी रिलीव्हर, मग स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर). त्याच वर्षी मेजर लीगच्या मेट्स संघाने त्याला नवव्या फेरीत निवडले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातले फाटलेले लिगामेंट नव्याने बसवण्याची) झाली. पुढे त्याने सर्वोत्तम पिचरला मिळणारे दोन साय यंग पुरस्कार मिळवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माउंडवर येणे हेच शस्त्रक्रियेचे एकमेव कारण होते असा दावा कोणी करू नये. पण आतल्या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूचा हात एका वसंतात पिचरच्या कामाला जुंपला, तर लिगामेंटवर काय भार येतो, हे त्या मुलाला आणि घरच्यांना आधी सांगायला हवे.

आता निवड कोणाची करायची? शॉर्टस्टॉपच्या खोलातून फर्स्ट बेसकडे ताशी ८८ मैलांनी थ्रो आला की प्रशिक्षकाचे डोळे चमकतात. त्या थ्रोमागे दोन-तीन पावलांची धाव असते. माउंडवर धाव नाही, एक पाय रबरावर (माउंडवरच्या पट्टीवर) खिळलेला, म्हणून पहिल्या दिवशी वेग अनेकदा काही मैलांनी कमीच दिसतो. वेगाकडे तूर्त काणाडोळा करावा. तीन वेगवेगळ्या दिवशी माउंडवरून वीस-वीस फास्टबॉल टाकायला लावावेत, कॅचरने (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) ग्लोव्ह मधोमध धरावा, आणि स्ट्राइक मोजाव्यात. तिन्ही दिवस बारा किंवा जास्त आल्या तर पुढे जावे. एक दिवस सतरा आणि दुसऱ्या दिवशी सात, असला मुलगा मोहात पाडतो, पण त्याला सोडलेले बरे. कॉलेजच्या फलंदाजांना फुकट बेस देणे हाच या सगळ्या उद्योगातला सर्वात मोठा धोका आहे. ८५ मैलांचा स्ट्राइक क्षेत्ररक्षकाकडे जाऊ शकतो, वॉकवर, म्हणजे त्या फुकट बेसवर, कोणीच काही करू शकत नाही.

थर्ड बेसमन आणि शॉर्टस्टॉप यांचा हात मागे आखूड जातो, पटकन वर येतो, त्यामुळे चेंडू कुठून सुटतो ते फलंदाजाला उशिरा दिसते. आउटफिल्डरचा हात ताकदवान, पण मागचा फेरा लांबलचक असतो. तो आखूड करायला महिने लागतात आणि घाई केली तर खांदा कुरकुरतो. डावखुरा फर्स्ट बेसमन किंवा राइट फिल्डर मात्र आधी तपासावा. डावखुऱ्याला शॉर्टस्टॉप, सेकंड, थर्ड या जागा मिळत नाहीत, म्हणून चांगले डावरे हात तिथेच दडलेले असतात. शिवाय मेजर लीगमधली, एका पिचरने किमान तीन फलंदाजांना टाकण्याची, सक्ती कॉलेजात नाही. एका डावऱ्या फलंदाजापुरता डावरा पिचर आणणे इथे अजून चालते.

कॅचरला हात लावू नये. हात मजबूत, थ्रो अचूक, खेळाची समज चांगली, म्हणून त्याचे नाव हमखास पुढे येते. पण तो सामन्यात शंभरावर चेंडू पिचरकडे परत फेकतो, मधूनच १२७ फूट लांबच्या सेकंड बेसवर पूर्ण ताकदीचा थ्रो करतो आणि तोही उकिडव्या अवस्थेतून उठत. पिचर आणि कॅचर ही दोन्ही कामे एकाच सामन्यात करू नयेत, असे तरुण पिचरचे हात जपण्यासाठीच्या पिच स्मार्ट मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. आता मेजर लीगमध्ये पिचर असलेला पॉल स्कीन्स एअर फोर्स अकादमीकडून खेळताना कॅचरही होता आणि पिचरही, हे खरे. तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एल.एस.यू.) गेल्यावर नुसता पिचर झाला, हेही खरे.

तयारीला सुरुवात सप्टेंबरमध्ये व्हावी. पहिले दोन आठवडे माउंड नाहीच, सपाट जमिनीवर साठ फुटांवरून पाय उचलून टाकण्याचा सराव, आठवड्यातून तीनदा, २०-२५ चेंडू. तिसऱ्या आठवड्यापासून माउंड, आठवड्यातून दोनदा, १५ चेंडू, सत्तर टक्के जोर. पाचव्या आठवड्यात २५. सातव्या-आठव्या आठवड्यात खरा फलंदाज समोर आणि एक इनिंग. माउंडच्या दिवशी त्याने क्षेत्ररक्षणाच्या सरावात ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) उचलावेत, पण थ्रो करू नये. चेंडू बाजूच्या बादलीत टाकायचा. ही बादली अत्यावश्यक आहे, आणि सगळ्यात आधी तीच विसरली जाते, कारण नऊ जणांची कवायत चालू असताना एकाने थ्रो न करणे प्रशिक्षकाला खटकते.

माउंडवर नेमके काय बिघडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. माउंड होम प्लेटपेक्षा (फलंदाजाजवळच्या पाटीपेक्षा) १० इंच उंच असतो, आणि रबराच्या पुढे ६ इंचांवरून दर फुटाला एक इंच असा उतार सुरू होतो. आयुष्यभर सपाट जमिनीवरून फेकणाऱ्या मुलाचा पुढचा पाय त्यामुळे त्याच्या अंदाजापेक्षा खाली आणि उशिरा टेकतो. खांदा तोवर उघडून गेलेला असतो, हात मागे राहतो. उजव्या हाताच्या मुलाचा चेंडू मग उजव्या फलंदाजाच्या खांद्याकडे, वर आणि आत जातो. प्रशिक्षक ओरडतो, “चेंडू खाली ठेव.” मुलगा मनगट दाबून खाली ठेवू लागतो आणि तिथून कोपराचे दुखणे सुरू होते. दोष पायाच्या वेळेत असतो, मनगटात नसतो. रबराच्या मध्यापासून प्लेटकडे मातीत काठीने सरळ रेघ ओढावी आणि प्रत्येक चेंडूनंतर पुढच्या पावलाचा ठसा पाहावा. ठसा रेघेपासून एका पावलाहून जास्त बाजूला पडत असेल, तर पाऊल सहा इंच आखूड करायला सांगावे. दोन-तीन मैल वेग जाईल. जाऊ द्यावा, पाय स्थिरावला की तो परत येतो.

चेंडूचे प्रकार दोनच शिकवावेत. चार शिवणींवर बोटे ठेवून पकडलेला फास्टबॉल त्याच्या हातात असतोच, कारण लहानपणापासून थ्रो सरळ जावा म्हणून तीच पकड घोटलेली असते. जोडीला स्लायडर (वेगाने येऊन बाजूला वळणारा चेंडू). बाजूने थ्रो करायची सवय असलेल्या हाताला तो लवकर जमतो. चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा संथ चेंडू) हा उत्तम चेंडू, पण त्यावर मुलाचा विश्वास बसायला शेकडो चेंडू लागतात आणि तेवढे चेंडू या मुलाच्या वाट्याला द्यायचेच नाहीत. कर्व्हच्या (खाली वळणाऱ्या चेंडूच्या) भानगडीत पडू नये. ट्रॅकमॅनचे (चेंडू मोजणाऱ्या यंत्राचे) फिरकीचे आकडे दाखवून त्याला गोंधळात टाकण्याचीही काही गरज नाही.

उरलेल्या कौशल्यांपैकी बंट (बॅट नुसती लावून हळू ढकललेला चेंडू) उचलणे, फर्स्ट बेसवर धावून जाणे, पिकऑफचा थ्रो (बेसवरच्या रनरला टिपण्यासाठी) यांत आतल्या जागेवरचा खेळाडू नेहमीच्या पिचरपेक्षा सरस असतो. अडतो तो बॉकवर (पिचरच्या नियमबाह्य हालचालीवर). रनर बेसवर असताना दोन्ही हात एकत्र आणून क्षणभर पूर्ण थांबावे लागते, आणि ज्याला उचल-फेक करायची सवय आहे तो थांबतच नाही. पंच एक बॉक देतात, रनर सेकंडवर जातो, मुलगा बिथरतो, पुढे दोन वॉक. म्हणून त्याला वाइंडअप (लांबलचक पूर्ण हालचाल) शिकवूच नये, सगळे स्ट्रेचमधूनच (रनर असतानाच्या आखूड पवित्र्यातूनच) टाकू द्यावे आणि सरावात “एक” म्हणून थांबायला लावावे. हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत १.४ सेकंदांत पोचला तरी पुरे. कॅचरचा सेकंडपर्यंतचा वेळ २ सेकंद धरला तर एकूण ३.४, त्यात नुसते वेगवान रनरच सुटतात.

आता शीर्षकातल्या मुद्द्यावर येतो. एन.सी.ए.ए.मध्ये (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेत) चेंडूंच्या संख्येवर सक्तीची मर्यादा नाही. पिच स्मार्टच्या १९ ते २२ वयोगटासाठीच्या शिफारशी अशा : ३० चेंडूंपर्यंत सक्तीची विश्रांती नाही, ३१ ते ४५ला एक दिवस, ४६ ते ६०ला दोन दिवस.  पण ते आकडे पिचरसाठी आहेत, आणि पिचर न टाकण्याच्या दिवशी डगआउटमध्ये बसलेला असतो. शॉर्टस्टॉप कधीच बसत नाही. सामन्याआधी हात गरम करायला चाळीसेक थ्रो, मग क्षेत्ररक्षणाच्या कवायतीत दहा-पंधरा, दर इनिंगच्या सुरुवातीला फर्स्ट बेसमनने लोटलेल्या ग्राउंडरवर तीन-चार, आणि खेळातले पाच-सहा जोरकस थ्रो. शंभरी नवव्या इनिंगआधीच भरत येते. त्यावर बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर हात गरम करतात त्या जागेत, टाकलेले १५ आणि माउंडवरचे २० चेंडू. वहीत नोंद होते फक्त २०ची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शॉर्टस्टॉपवर पूर्ण सामना खेळतो, कारण नियमाप्रमाणे त्याला विश्रांतीची गरज नाही.

म्हणून अशा खेळाडूचा स्वतंत्र तक्ता हवा. रोज तीन नोंदी : पूर्ण जोराचे सगळे थ्रो, माउंडवरचे सगळे चेंडू (बुलपेनसकट), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे ते शून्य ते दहात. ही नोंद विद्यार्थी व्यवस्थापकाने ठेवावी. खेळाडूवर सोपवली तर तिसऱ्या आठवड्यात सगळे आकडे गोल व्हायला लागतात. मर्यादा पिच स्मार्टपेक्षा कडक असावी : एका वेळी २५ चेंडू, आठवड्यात दोनदाच, लागोपाठच्या दिवशी कधीही नाही, आणि टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी डी.एच. (क्षेत्ररक्षण न करता नुसती फलंदाजी करणारा) किंवा बाक. थकव्याची पहिली खूण माउंडवर दिसत नाही. रविवारी फर्स्ट बेसकडचे साधे थ्रो उंच जायला लागतात किंवा टप्पा घेऊन पोचतात, तिथे ती दिसते. आतल्या फळीच्या प्रशिक्षकाने ते पिचिंग प्रशिक्षकाला सांगितले पाहिजे. अनेक संघांत हे दोघे वेगवेगळ्या तक्त्यांवर काम करतात आणि मुलगा दोघांच्या मधोमध भरडला जातो.

प्रत्यक्ष सामन्यात सर्वात मोठी अडचण हात गरम करण्याची. थर्ड बेसवर उभा असलेला माणूस बुलपेनमध्ये जाणार कधी? आपला संघ फलंदाजी करत असतानाच, आणि त्याची स्वतःची पाळी लांब असेल तरच. सातव्या इनिंगमध्ये तो फलंदाजीला पाचवा किंवा त्यानंतर येणार असेल, तर त्याला धाडावे. तीन चेंडूंत तीन बाद झाले तर तो थंडच परत येतो. तेव्हा बेत बदलावा, माउंडवर मिळणाऱ्या मोजक्या सरावी चेंडूंवर वेळ मारून नेऊ नये. म्हणूनच त्याला नेहमी इनिंगच्या सुरुवातीला आणावे. तिन्ही बेस भरलेले असताना मधूनच आणणे म्हणजे दर चेंडूसाठीच्या २० सेकंदांच्या घड्याळाखाली त्याची परीक्षा घेणे. सुरुवात पाच-सहा धावांच्या अंतराने झुकलेल्या मंगळवारच्या सामन्यात, आठव्या इनिंगला करावी. वीकएंडच्या रिलीव्हरचे २० चेंडू वाचले की त्या दिवशीचे काम झाले.

डी.एच.चे गणितही सामन्याआधी कागदावर मांडून ठेवावे. कॉलेजच्या नियमांत सुरुवातीचा पिचर स्वतःच डी.एच. असेल, तर माउंडवरून उतरल्यावरही तो फलंदाजी करत राहू शकतो. पण क्षेत्ररक्षकाला माउंडवर आणताना, त्याची जागा कोण घेणार आणि फलंदाजीचा क्रम कसा उरणार, हे पंचांसमोर उभे राहून ठरवायची गोष्ट नव्हे. संघात दुसरा धड शॉर्टस्टॉप नसेल, तर पहिल्याला पिचर करायचेच नाही. एक भोक बुजवताना दुसरे पाडण्यात शहाणपणा नाही.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे : पहिल्या वर्षाच्या पिचरच्या वाट्याच्या इनिंग यात जातात. मंगळवारचा सामना हीच त्यांची शाळा, ती थर्ड बेसमनला का द्यायची? माझे मत असे की, आधी नवखा पिचरच आणावा. त्याने तीन वॉक दिले आणि ३० चेंडू झाले, तर मात्र त्याला तिथेच झिजवत ठेवण्यापेक्षा तयार क्षेत्ररक्षक आणणे त्या नवख्याच्या हातासाठीही चांगले. दुसरा खर्च वेळेचा. हंगामात सरावाला आठवड्याचे २० तास आहेत, त्यांतले दोन-अडीच पिचिंगला दिले तर ते बहुधा फलंदाजीच्या सरावातूनच कापले जातात. त्यामुळे चौथ्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुख्य फलंदाजावर हा प्रयोग करू नये. सातव्या-आठव्या क्रमांकाचा, किंवा आठवड्यात दोनच सामने सुरुवातीपासून खेळणारा मुलगा शोधावा. संघात असे दोन पुरेत. हंगामभरात दोघांनी मिळून २५-३० इनिंग काढल्या तर प्रशिक्षकाने तक्रार करू नये, आणि ३०च्या पुढे जाऊही नये.

हंगाम संपला की हे खेळाडू उन्हाळी लीगमध्ये जातात. तिथे प्रशिक्षक नवा असतो, पिचरचा तुटवडा तसाच असतो, आणि “हा टाकतोही” एवढेच त्याला कळलेले असते. फेब्रुवारीपासूनचा थ्रोंचा तक्ता, एका वेळची २५ चेंडूंची मर्यादा आणि या उन्हाळ्यात माउंडवर आणायचे की नाही याचा निर्णय कॉलेजच्या पिचिंग प्रशिक्षकाने मुलगा निघण्यापूर्वी लेखी पाठवावा. त्याची एक प्रत मुलाकडेही द्यावी, कारण तिथे कोणी चौथ्यांदा बुलपेनकडे बोट दाखवले, तर नाही म्हणायला त्याच्या हातात कागद हवा.

आपला,
एक बेसबॉलप्रेमी वाचक